वापरलेलं ऑइल कूलर किट विकायचंय? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी विकली आणि कूलर उरला. किंवा घरात बाळ आलं, ट्रॅकचे दिवस संपले, आणि माळ्यावरच्या खोक्यात पंधरा-वीस हजारांचा माल धूळ खात पडलाय. ओळखीतल्या गाडीवेड्यांकडून हे प्रश्न इतक्यांदा आले की दर वेळी फोनवर तेच दळण दळण्यापेक्षा एकदा लिहून टाकलं. मी व्यापारी नाही. स्वतःची तीन आणि मित्रांची चार-पाच किटं आजवर विकून दिली आहेत, तेवढ्या अनुभवावर हे लिहितोय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे शेवटी.

१. किट म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

कूलर, म्हणजे समोर बंपरमागे बसणारी, इंजिनाचं तेल थंड करणारी अ‍ॅल्युमिनियमची जाळी. इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये बसणारी सँडविच प्लेट. तेल नेणारा आणि आणणारा असे दोन पाइप, त्यांची चार टोकांची फिटिंग आणि कूलर धरणारे ब्रॅकेट. प्लेटमध्ये थर्मोस्टॅट (तेल तापल्यावरच ते जाळीकडे सोडणारी झडप) असेल तर तोही. यातलं एक जरी गायब असलं तरी जाहिरातीत 'पूर्ण किट' लिहू नका. ब्रॅकेट हमखास हरवलेले असतात. ते नसले तरी बिघडत नाही, कुठलाही फॅब्रिकेटर पट्टी वाकवून देतो. पण नाहीत हे आधी सांगा.

२. माझ्या गाडीला कंपनीचा ऑइल कूलर आधीच आहे. मग लोक हे वेगळं किट घेतात कशाला?

बऱ्याच टर्बो गाड्यांत कंपनीचा कूलर पाण्यावर चालतो. तेलाची उष्णता कूलंटला देतो आणि कूलंट ती रेडिएटरमधून बाहेर टाकतो. रोजच्या वापराला ते पुरतं, उलट सकाळी तेल लवकर गरम व्हायला मदतच होते. पण ट्रॅकवर चार-पाच लॅप सलग ताणल्या की कूलंटच तापलेलं असतं, ते तेलाला काय थंड करणार? तेल ९० ते ११० अंशांत खूश असतं. १३० च्या वर गेलं की पातळ होतं आणि प्रेशर उतरतं. आफ्टरमार्केट कूलर हवेवर चालतो, म्हणून तो घेतात.

तुमचं गिऱ्हाईक कोण हेही यावरून ठरतं. देशातले नावाजलेले रेसट्रॅक पुण्याहून लांब आहेत. कोइम्बतूरची कारी मोटर स्पीडवे हजार किलोमीटरच्या पलीकडे, चेन्नईचा ट्रॅकही तेवढाच लांब. तरी दरवर्षी तिकडे जाणारे पुणेकर आहेत, आणि ताम्हिणीचा घाट रविवारी पहाटे चढणारे तर खूपच. पहिल्या गटाला किटची खरी गरज असते. दुसऱ्याला बहुतेक वेळा नसते, पण हवं असतं. दोघांनाही विका, फक्त दुसऱ्याला खोटी भीती घालून विकू नका.

३. किंमत किती लावू?

आज तेच किट नवं घ्यायला कस्टम ड्यूटी आणि शिपिंग धरून किती पडेल ते आधी काढा. तुम्ही तेव्हा काय मोजले होते याला फारसा अर्थ नाही. चांगल्या ब्रँडचं, बिल असलेलं, दोन-तीन वर्षं वापरलेलं आणि इतिहास स्वच्छ असलेलं किट नव्याच्या निम्म्याच्या आसपास जातं, असा माझा अनुभव. बिल नसेल तर तिसरा हिस्सा. बिनब्रँडचं असेल तर जे मिळेल ते घ्या आणि मोकळे व्हा. माझ्या जुन्या पोलोवरचं १९ रोंचं (जाळीत १९ आडव्या पट्ट्या असलेलं) किट मला ३८,००० ला पडलं होतं. २२,००० सांगून १९,५०० ला गेलं, आणि घासाघीस चालू असताना दोन चहा झाले तेही मीच पाजले. बसवण्याची मजुरी किमतीत धरू नका. ती गेली.

४. सुटे भाग करून विकले तर जास्त पैसे मिळतील का?

कागदावर हो. प्रत्यक्षात जाळी आणि प्लेट पटकन जातात, पाइप उरतात. ते तुमच्या गाडीच्या मापाने कापलेले असतात, दुसऱ्याला दहा सेंटिमीटर कमीच पडतात. पाइप पाच-सहा वर्षांचे झाले असतील (प्रश्न ११ पाहा) तरच किट फोडा.

५. जाहिरातीत काय लिहायचं? सगळे एकच विचारतात, 'माझ्या गाडीला बसेल का?'

गाडीचं नाव लिहून भागत नाही. चार मापं लिहा म्हणजे तो प्रश्न निम्मा कमी होतो.

पहिलं, प्लेटचा आटा (स्क्रूसारखे वेढे). बऱ्याच जपानी गाड्यांना एम२० × १.५ (म्हणजे २० मिलिमीटरचा) लागतो, इतर अनेकांना ३/४ इंच – १६. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, फरक एका मिलिमीटरचाही नाही. चुकीचा फिल्टर एक-दोन वेढे जातो आणि 'बसला' असं वाटतं. मग गाडी चालू केल्यावर अंगणात तेलाचा सडा. व्हर्नियर नसेल तर ज्या फिल्टरवर प्लेट चालत होती त्याचा पार्ट नंबर लिहा.

दुसरं, जाळीच्या रो किती: १०, १३, १९, २५. आडव्या पट्ट्या मोजायच्या. तिसरं, जाळीची लांबी-रुंदी, शेजारी पट्टी ठेवून काढलेल्या फोटोसकट. चौथं, पोर्ट (जाळीची तोंडं) आणि पाइपांचा आटा. एएन-१० म्हणजे १०/१६ इंचांचा पाइप आणि ७/८ इंच – १४ चा आटा. काही जाळ्यांना, उदाहरणार्थ सेट्रॅबच्या, मुळात एम२२ × १.५ चे पोर्ट असतात आणि वर अडॅप्टर लावून एएन केलेलं असतं. अडॅप्टर देणार असाल तर तसं लिहा.

आणखी एक. ज्या गाड्यांत डब्यासारखा फिल्टर नसून हाउसिंगमध्ये कागदी कार्ट्रिज असते, तिथे ही प्लेट लागतच नाही, वेगळा अडॅप्टर लागतो. हे विचारल्याशिवाय टोकन घेऊ नका.

६. गाडीवरून उतरवताना काय सांभाळायचं?

तेल बदलायच्या दिवशीच उतरवा, म्हणजे एकदाच हात काळे. प्लेटचा मधला पोकळ बोल्ट निघाला की त्याच्यासोबत ब्लॉकमधला मूळ स्टड सुटून आला नाही ना ते बघा. आला तर तो तुमच्या गाडीचा आहे, किटचा नाही. एका मित्राने तो किटसोबत सांगलीला पाठवला आणि इकडे फिल्टर लावायला काहीच नाही म्हणून गाडी चार दिवस जॅकवर. जाळी आणि पाइपांत मिळून अर्धा ते एक लिटर तेल असतं, तेव्हा नवं तेल भरताना जुन्या आकड्याने भरू नका, डिपस्टिक बघा. निघालेलं तेल गटारात नाही, गॅरेजच्या ड्रममध्ये. जाळीच्या दोन्ही तोंडांना टोप्या लावा. टोप्या नसतील तर स्वच्छ प्लास्टिक आणि रबर बँड. चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात.

७. कूलर आतून साफ कसा करायचा?

गिऱ्हाइकाला देण्याआधी हे कराच. उलटा प्रवाह हे तत्त्व: ज्या तोंडातून तेल बाहेर पडायचं त्यातून आत ओतायचं. रॉकेल आता सहज मिळत नाही, रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं. अर्धी जाळी भरा, तोंडं बंद करा, पाच मिनिटं खालीवर हलवा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा हलवून ओता. निघालेलं टर्पेंटाइन गढूळ आहे तोवर हेच चालू. हे मोकळ्या हवेत, गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये करा, आणि आसपास कोणी सिगारेट ओढत नाही ना ते पाहा.

निघालेलं टर्पेंटाइन जुन्या सदऱ्याच्या पांढऱ्या फडक्यातून गाळा. काळपट डाग पडला तर ठीक, ते जळकं तेल. पण फडकं उन्हात धरल्यावर रांगोळीतल्या चमकीसारखे कण चमकले तर थांबा आणि पुढचा प्रश्न वाचा. लोहचुंबक फिरवून 'काही चिकटत नाही, म्हणजे स्वच्छ' असा निष्कर्ष काढू नका. चुंबकाला फक्त लोखंड कळतं. बेअरिंगच्या अस्तरातलं तांबं, कथील, शिसं, अ‍ॅल्युमिनियम यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही.

८. माझं इंजिन बसलं होतं (बेअरिंग गेलं). कूलर तर चांगला आहे. विकू का?

नाही. या प्रश्नावर माझं मत ठाम आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

बेअरिंग जातं तेव्हा त्याचा चुरा तेलासोबत सगळीकडे फिरतो. फिल्टर तो अडवतो, पण गार, दाट तेलाचं प्रेशर वाढलं किंवा फिल्टर तुंबला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. चांगल्या जाळीच्या पट्ट्यांच्या आत उष्णता लवकर जावी म्हणून नालीदार पत्रा घातलेला असतो. तेल त्यातून घुसळत जातं. म्हणजे कूलर जितका चांगला तितके चुरा अडकायला कोपरे जास्त. टर्पेंटाइनने दहा वेळा धुतलात तरी अकराव्यांदा दोन कण निघतात. ते कण मग गरम तेलासोबत, इंजिनाच्या थरथराटात, दुसऱ्याच्या नव्या बेअरिंगवर जाऊन बसतात. तुम्हाला मिळालेल्या बारा हजारांसाठी त्याचं दीड-दोन लाखांचं इंजिन.

मी एकदा असा कूलर घेतला आहे, म्हणून ही तिडीक. विकणाऱ्याने 'गाडी विकली म्हणून काढला' एवढंच सांगितलं. मीही फडक्याची परीक्षा घेतली नाही. नशिबाने बसवण्याआधी माझ्या मेकॅनिकने जाळी दिव्यासमोर तिरकी धरून पोर्टच्या कडेला बोट फिरवलं आणि बोट माझ्यापुढे धरलं. ग्रीसमध्ये सोनेरी भुकटी होती. तो काहीच बोलला नाही. जाळी आजही माझ्याकडे आहे, गॅरेजच्या भिंतीवर लावली आहे आणि तिच्यात पाने अडकवतो.

तेव्हा इंजिन बसलेल्या गाडीची जाळी भंगारात द्या, अ‍ॅल्युमिनियमच्या भावाने. थर्मोस्टॅट असलेली प्लेटही त्यातच, कारण झडपेच्या स्प्रिंगखाली चुरा बसतो. ब्रॅकेट आणि बाहेरची फिटिंग धुऊन विकता येतात. पाइप नाही.

इंजिन बसलं नसेल, पण हेड गॅस्केट जाऊन तेलात पाणी मिसळलं असेल तर प्रकरण वेगळं. तो चिखल धुतला जातो. धुऊन विका, पण सांगून विका.

९. गळत नाही हे कसं दाखवायचं?

एक पोर्ट बंद, दुसऱ्याला टायरचा व्हॉल्व्ह लावलेली टोपी, जाळी पाण्याच्या टबात आणि चार बार हवा, म्हणजे साधारण ६० पीएसआय. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि त्याचाच ट्यूब बुडवायचा टब, सगळं एका जागी मिळतं. दहा मिनिटं बुडबुडा नाही आला तर पास. गार इंजिनात तेलाचं प्रेशर याहून जास्त असतं हे खरं, पण म्हणून हवा दहा बारला नेऊ नका. हवा दाबली जाते आणि फिटिंग सुटलं तर गोळीसारखं जातं. याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. त्या एका व्हिडिओने जितका भाव टिकतो तितका जाहिरातीतल्या विशेषणांनी टिकत नाही.

१०. थर्मोस्टॅट चालतोय की नाही? आणि नसलेलंच किट असेल तर?

घरातलं टाकाऊ पातेलं घ्या (टाकाऊच घ्या, नंतर ते स्वयंपाकघरात परत येणार नाही), पाणी तापवा, प्लेट दोऱ्याने टांगून बुडवा आणि थर्मामीटर सोडा. प्लेटवर छापलेल्या आकड्याजवळ, बहुतेकांवर तो ८० असतो, झडप हळूहळू सरकताना दिसते. पाणी उतरलं की परत बसली पाहिजे. बंद असतानाही थोडी फट दिसली तर घाबरू नका. अनेक प्लेटांत थोडं तेल कायम जाळीकडे जाऊ देतात, म्हणजे आत हवा राहत नाही आणि झडप उघडल्यावर एकदम गार तेलाचा धक्का बसत नाही.

थर्मोस्टॅट नसलेलं किट फक्त ट्रॅकच्या गाडीसाठी विका. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी दहा अंशांत कोथरूडहून शिवाजीनगरला जाणारी गाडी तशा कूलरने पोहोचेपर्यंत तेल कोमटच ठेवते. तेलात साचलेली वाफ आणि पेट्रोल उडून जायला ते नीट गरम व्हावं लागतं. रोजच्या गाडीवाल्याला हे सांगा. तो थर्मोस्टॅटची प्लेट वेगळी घेईल.

११. पाइप किती जुने चालतात?

वर्षं मोजण्याआधी ते वाकवून बघा. फिटिंगजवळ कडक झालेला, फुगलेला किंवा घडी पडलेला पाइप विकू नका. आतलं रबर पाच-सहा वर्षांत तडकायला लागतं आणि वरच्या स्टीलच्या जाळीमुळे ते दिसत नाही. ती जाळी ज्याला टेकते त्याला कानशीसारखी घासते. माझ्या पाइपने एसीच्या नळीला अर्ध्यापर्यंत खाच पाडली होती.

पुण्यात यावर सोपा उपाय आहे. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात हायड्रॉलिक पाइप बनवून देणारी दुकानं आहेत. त्यांचं ७/८ चं जेआयसी फिटिंग आणि एएन-१० यांचा आटा आणि ३७ अंशांचा उतार एकच, स्टीलचं असल्यामुळे जड इतकंच. त्यांना तेलाचं तापमान आधी सांगा, म्हणजे त्याला सोसेल असा पाइप देतील. गिऱ्हाइकाला 'पाइप जुने आहेत, नवे भोसरीत बनतील' असं सांगून तेवढे पैसे कमी करा. प्रकरण मिटतं.

ओ-रिंग आणि डाउटी वॉशर (धातूच्या कड्यात रबर बसवलेले) मात्र जुने देऊच नका. प्लेटची ओ-रिंग साध्या नायट्राइल रबराची नको, उष्णता सोसणाऱ्या व्हिटॉनची हवी.

१२. फिन वाकल्या आहेत. आर्गॉन वेल्डिंग केलेलं आहे. भाव पडेल का?

वाकलेल्या फिनने फारसा फरक पडत नाही. बारीक स्क्रूड्रायव्हरने सरळ करा आणि रेडिओ लावा, तासाभराचं काम आहे. पट्टीलाच पोच असेल तर भाव पडतो. आर्गॉनने भरलेला कूलर निम्म्याहून कमी भावाने, वेल्डिंगच्या जवळच्या फोटोसकट. काळा रंग मारून वेल्डिंग झाकलेलं पकडलं गेलं तर पुढे तुमचं कुठलंच किट जाणार नाही. पुण्यात हे वर्तुळ फार लहान आहे.

१३. बिल नाही. ब्रँड खरा आहे हे कसं सिद्ध करू?

करता येत नाही. मोकाल, सेट्रॅब, मिशिमोटो यांच्या नावाने नकला फिरतात आणि स्टिकर कोणीही छापतो. बिल नसेल तर 'असं सांगून मला विकलं होतं' असं लिहा आणि भाव त्याप्रमाणे लावा (प्रश्न ३).

१४. कुठे विकू? नाना पेठेत घेतील का?

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांना रोज खपणारा माल हवा असतो. कूलर किट त्यांच्याकडे वर्षभर पडून राहील. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात तर अ‍ॅल्युमिनियमचा भाव सांगतील. बाकी तिथे रविवारी फिरायला मजा येते, ते वेगळं. ट्यूनिंग करणारं ओळखीचं गॅरेज हा सर्वांत चांगला मार्ग. पाच-दहा टक्के त्यांना द्या. गिऱ्हाईक, माप आणि बसवणं तिघं तिथेच भेटतात.

१५. पैसे घेताना काय काळजी घ्यायची?

'मी खडकीला लष्करात आहे, माल जवान घेऊन जाईल, तुम्ही फक्त क्यूआर स्कॅन करा' असा फोन येईल. जवळजवळ नक्की येईल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, मिनिटांना किंमत असते. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून माल देऊ नका, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसू दे.

१६. कोल्हापूर-नागपूरला पाठवायचं असेल तर?

जाळी कोरडी ठणठणीत करा. तेलाचा ओघळ खोक्यावर आला की कुरिअरवाले परत करतात, आणि बरोबरच करतात. दोन्ही बाजूंना प्लायवूडचा तुकडा, मग बबल रॅप, मग खोकं. एसटीचं पार्सल किंवा संगमवाडीहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सची डिकी, दोन्ही चालतात. पावतीवर 'गाडीचा वापरलेला सुटा भाग, रिकामा' असं लिहा. पैसे आधी, पार्सल नंतर. त्याबदल्यात व्हिडिओ कॉलवर त्याच्यासमोर पॅक करा.

१७. हे विकणं कायदेशीर आहे ना? जीएसटी?

घरातली स्वतःची वस्तू एखाददुसऱ्या वेळी विकणं हा धंदा नाही, त्यावर जीएसटी लागत नाही. दर महिन्याला आणून विकायला लागलात तर तो धंदा झाला. बसवण्याबद्दल म्हणाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे लावलं. ऑइल कूलरची नोंद आरसीवर नसते. पण वॉरंटीतल्या गाडीला तो बसवला तर इंजिनाचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि विम्याला बदल कळवलेला बरा. गिऱ्हाइकाची गाडी नवी असेल तर एवढं बोलून ठेवा.

१८. महिन्याने फोन आला, 'गळतोय, पैसे परत द्या.' द्यायचे का?

आधी कुठून गळतोय त्याचा फोटो मागवा. फिटिंगच्या तोंडाशी गळत असेल तर बसवणाऱ्याने आवळताना चूक केली आहे. एएन फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळलेला दिसला तर खात्रीच, कारण तिथे उतारावर उतार बसून तेल अडतं, आट्यावर नाही. जाळीच्या मधून गळत असेल तर तुमचा चार बारचा व्हिडिओ काढा (प्रश्न ९).

कायद्याने बघायचं तर १९३० च्या माल विक्री कायद्यात माल पारखून घेणं मुळात घेणाऱ्याचंच काम. पण माहीत असलेला दोष मुद्दाम लपवला तर तो १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कपट ठरतो, आणि 'जसा आहे तसा' लिहिल्याने ते धुतलं जात नाही. मी स्वतः सात दिवसांची मुदत देतो, न बसवलेल्या मालावर. बसवलेला परत घेत नाही, कारण आता तो कुठल्या इंजिनावर फिरून आला ते मला माहीत नसतं.

१९. डीएसजीच्या (फोक्सवॅगनच्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सला किंवा बुलेटला हाच कूलर लावायचाय म्हणतात. द्यावा का?

जाळीला काय, तेल कुठलंही असो. पण इंजिनावर वापरलेली जाळी गिअरबॉक्सला देऊ नका. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लचच्या गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं आणि आत राहिलेलं इंजिन ऑइल त्यात मिसळलं तर क्लच घसरायला लागतो. उलट दिशेनेही तेच. बुलेटला १९ रोंची जाळी म्हणजे सायकलला ट्रकचा हॉर्न. तेलाचा पंप लहान, पाइप जाड, प्रेशर पडणार. मागच्या महिन्यात एकाला हे समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, 'दिसायला भारी दिसेल ना पण?' त्याला न धुतलेली, गळकी, भिंतीवरची जाळी दाखवली आणि म्हटलं, दिसायलाच हवी असेल तर ही ने, फुकट. पाइप जोडायचे नाहीत या अटीवर. तो विचार करून सांगतो म्हणालाय.